ठकीची खुशाली

अबुधाबी,
११ जून १९८२

ती. सौ. चारूताईस,
दिलीपचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बावीस दिवसांनी मिळालं, तरी बातमी शिळी झाली नाही. ठकीनं कात टाकली, तीही अखंड, डोळ्यांवरच्या खपल्यांसकट, हे आमच्या केबिनमध्ये अजून चालू आहे. इथे शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाली की ज्याला घरून पत्र आलं असेल त्यानं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, असा केबिन नंबर सातचा नियम आहे. बारा जण आहोत. कुणाच्या पत्रात आजारपण, कुणाच्या पत्रात भाऊबंदकी. माझ्याच पत्रात तेवढी धामण! मी वाचतो आणि हिंदीत सांगतो. केरळचा जोसेफ आधी विचारायचा की साप बहिणीच्या गळ्यात टाकून आलास, तू माणूस आहेस की कोण. आता तोच बाकीच्यांना सांगतो की धामण बिनविषारी असते आणि उंदरांवर जगते.

सगळ्यात कान देऊन ऐकतो तो पंढरी. हा तळवलीचा, म्हणजे तुझ्यापासून दोन-अडीच कोसांवरचा. त्याची शेती नव्या शहरासाठी गेली, आणि हा इथे वाळूत पाइप वाहतो. तो म्हणतो की ठकी आमच्याच खारीतली, खाडीकाठच्या भातशेतातली हाय, आमी तिला कदी मारली नाय, ती होती म्हनून भात घरात येत होता. आमच्या कारखान्याच्या पाइपात ती मला सापडली तेव्हा हातभर होती आणि लोक तिला ठेचायला निघाले होते, हे मी त्याला दहादा सांगितलं. तरी तो तिला स्वतःचीच समजतो.

पासपोर्ट अजून कंपनीच्या कपाटात आहे. जानेवारीत दोन वर्षं पुरी झाली की देऊ म्हणतात. गेटच्या बाहेर पडायला चिठ्ठी लागते. मिळाली तरी जायचं कुठे? चहूकडे वाळू.

एक गोष्ट पुन्हा लिहितो, रागावू नकोस. आई गेली ते मला तुम्ही चाळीस दिवसांनी कळवलंत. त्या चाळीस दिवसांत मी तिला दोन पत्रं लिहिली, गुडघ्याला तेल लावत जा म्हणून. थोरल्या अरुणाताईला काय बोलायचं ते मी बोललो. पण तू मला शब्द दिला आहेस की यापुढे लहानमोठं काहीही असो, लपवणार नाहीस. त्या एका शब्दावर मी इथे दिवस काढतोय.

ठकीच्या पेटीवरचा सूचनांचा कागद फाटला असेल तर नवा लाव. पाणी रोज बदलायचं, दूध कधीही द्यायचं नाही, अंगाला काही लावायचं नाही. भावोजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, इथे ती विकत मिळत नाही.

तुझा,
दिलीप


वाशी,
४ जुलै १९८२

चि. दिलीपास,
चारूताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. केबिन नंबर सातला माझा नमस्कार सांग. पुढच्या वेळी लिहिताना मी जरा अक्षर सुधारीन, एवढी माणसं ऐकणार म्हटल्यावर!

ठकी मजेत. गोटीराम दर रविवारी कांदा-बटाटा मार्केटातून पिंजऱ्यात दोन उंदीर आणून देतो. दिवसभर पोती उचलणारा हमाल तो, पण ठकीनं उंदीर धरला की भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि झालं का वहिनी, झालं का, असं विचारत बसतो. कात मी माझ्या शालूच्या घडीत ठेवली आहे. माहेरची दुसरी वस्तू त्या ट्रंकेत नाहीच.

सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांची खाट हॉलमध्ये, आणि समोर ठकीची पेटी, कारण दोन खोल्यांत ठेवणार कुठे? दोघी दिवसभर एकमेकींकडे बघत असतात. नातेवाईक आले की त्या स्वतःचंच नाव घेऊन मोठ्यानं सांगतात की वेणूबाईच्या नशिबात म्हातारपणी साप आला. पण परवा ठकी पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसली, तर मला पोळ्या टाकताना हाक मारून बोलावलं की ये लवकर, तुझी बया आंघोळ करतेय बघ.

माझं म्हणशील तर ह्यांची सकाळी सातची बस गेली की दार लागतं, ते हे आल्यावरच उघडतं. सासूबाईंना दहा मिनिटं एकटं टाकायची सोय नाही. दूध, भाजी समोरच्या सुमित्राबाई आणून देतात. मागच्या गॅलरीतून खाडी दिसते. रोज ट्रक येऊन माती टाकतात आणि खाडी थोडी मागे सरकते. फेब्रुवारीपासून मी जिना उतरले ती दोनदा, दोन्ही वेळा दाताच्या डॉक्टरकडे. हल्ली दात दुखायला लागला की बरं वाटतं बघ.

तू वेल्डिंगला वर चढताना पट्टा बांधतोस ना? पंधरवड्याचं पत्र चुकवू नकोस. दिलेला शब्द मी विसरलेली नाही. तू तिकडे सुखरूप अस, म्हणजे इकडे मला निम्मं टेन्शन.

तुझी,
चारूताई


वाशी,
३० जुलै १९८२

ती. सौ. अरुणाताईस,
चारूचा शि. सा. नमस्कार.

ताई, ठकी मेली. बुधवारी सकाळी. मीच मारली म्हण.

नीट सांगते. महिना होत आला, दिलीपचं पत्र नाही. पंधरवड्याला एक येतंच, तू जाणतेस. आधी वाटलं टपालाचा उशीर. मग ह्यांनी पेपरात वाचलं की तिकडे कुठेतरी बांधकाम कोसळलं. गावाचं नाव वेगळं होतं, तरी मी ती बातमी रोज काढून वाचत होते. नागचतुर्थीला मी भावाचा उपवास धरला. दुपारी सासूबाई म्हणाल्या की सापाला घरात कोंडून ठेवलंय, वर्षभर उंदीर घालतेस आणि त्याच्या सणाला दुधाचा थेंब दाखवत नाहीस, भाऊ समुद्रापलीकडे आहे, त्याची काही काळजी आहे की नाही. मी म्हटलं की हा नाग नव्हे, धामण आहे, आणि साप दूध पीत नाहीत. तर म्हणाल्या, धामण म्हशीचं दूध पिते हे शेंबडं पोरही सांगेल. एरवी मी हसले असते गं. पण पत्र नव्हतं ना.

यंदा आमच्याकडे गारुडी फिरकला नाही. पंचमीला सकाळी बिल्डिंगमधल्या बायका ताटं घेऊन आमच्याकडे आल्या. सुमित्राबाई, तळमजल्यावरच्या बयाबाई, मिळून अकरा जणी. सासूबाईंनी सांगावा धाडला होता. स्वतः इरकली लुगडं नेसून खाटेवर बसल्या होत्या आणि सगळ्यांना या, या करत होत्या. माझ्या घरात सहा महिन्यांत एवढी माणसं आली नव्हती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दिलीपचा लाल शाईचा कागद मीच पेटीवरून काढला. बायकांसमोर बरं दिसणार नाही म्हणून. पाण्याचं भांडं काढलं आणि दुधाचं ठेवलं. दिवसभर तेच. उकाडा मरणाचा, तिला तहान लागली असणार, ती प्यायली. बायकांनी हात जोडले. मग जाळीचं झाकण उघडून मी तिला धरलं आणि एकेकीनं तिच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं. अकरा जणींचं. ते तिच्या नाकात, तोंडात गेलं. ती नुसती मागे मागे सरत होती. कुणाला चावली नाही. आणि मी मनात घोकत होते की माझ्या भावाला सांभाळ.

संध्याकाळी मी ओल्या फडक्यानं तिला पुसलं. सोमवारपासून ती तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली. बुधवारी उठून पाहते तर उताणी. सासूबाईंनी माझ्याआधीच पाहिलं होतं, पण मला उठवलं नाही. दुपारी म्हणाल्या की मी बोलले म्हणून तू केलंस ना. मी म्हटलं नाही, माझं मी केलं. ते खरंच आहे.

गोटीरामनं कांद्याच्या पोत्यात गुंडाळून तिला खाडीच्या कडेला, तिवरांच्या झुडपांपाशी पुरलं. मला जाता आलं नाही, सासूबाईंना भरवायची वेळ होती. ह्यांनी संध्याकाळी येऊन पेटी धुतली.

मी दिलीपला शब्द दिला आहे, ताई. आणि तो साठ फुटांवर उभा राहून वेल्डिंग करतो. सांगू की नको? मला काही सुचत नाही. उलट टपाली लिही. तुझ्या लोभात मला धर, आज माझाच मला राग आला आहे.

तुझी,
चारू


चिपळूण,
५ ऑगस्ट १९८२

चि. सौ. चारूस,
अनेक आशीर्वाद.

रडू नकोस. मुक्या जिवाचं वाईट झालं, पण तू काही हौसेनं केलं नाहीस.

दिलीपला कळवायचं नाही. आईच्या वेळी मी चाळीस दिवस तोंड शिवून बसले. हातात तार होती, पोस्टापर्यंत गेलेही होते. मग वाटलं की ही तो कुठे वाचेल? जमिनीवर की वर फळीवर? परत फिरले. त्यानं मला नाही नाही ते लिहिलं, अजून माझ्या पत्राला तीन ओळींचं उत्तर देतो. चालेल मला. पोरगं धड आहे ना? खरं सांगितलंस की तुझ्या छातीवरचा दगड उतरेल आणि त्याच्या छातीवर जाऊन बसेल. तुझ्याजवळ निदान रडायला स्वयंपाकघर आहे. त्याला बारा जणांत तोंड लपवायला जागा नाही.

जानेवारीत तो येईल. समोर बसवून, पोटभर जेवायला घालून सांगू. तोवर खुशाली लिहीत जा. वेणूबाईंना नमस्कार, आणि त्यांच्यावर राग धरू नकोस. इकडे तुझी आठवण रोज निघते, तिकडे तुझ्या जिवाला जप.

तुझी,
अरुणाताई


वाशी,
२० ऑगस्ट १९८२

चि. दिलीपास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. टपालाचा घोळ झाला लिहितोस. बरं, टपालाला नाही तर कुणाला दोष देणार?

इकडे सर्व क्षेम. सासूबाई आता आधारानं बसतात. ह्यांना सर्दी. गणपतीत समोर सुमित्राबाईंकडे दीड दिवसाचा आहे, तेवढीच वर्दळ. ठकी ठीक आहे.

पट्टा बांधत जा. पत्र लहान झालं, राग मानू नकोस.

तुझी,
चारूताई


अबुधाबी,
१७ सप्टेंबर १९८२

ती. सौ. चारूताईस,
सा. न. वि. वि.

ठकी ठीक आहे! एवढंच? केबिनमध्ये दंगा झाला. जोसेफ म्हणाला की बहीण कंजूष झाली. पंढरी तर माझ्या हातातून पत्र घेऊन उलटंसुलटं करून बघत होता, मागे काही लिहिलंय का म्हणून. त्याला वाचता येत नाही, तरी.

त्याचं सांगायचं राहिलं. त्याच्या भागीरथीचं लग्न झालं, मागच्या महिन्यात, मुलाकडच्यांच्या हट्टानं भर चातुर्मासात. एकुलती एक पोर. त्यानं रजेचा अर्ज मार्चपासून दिला होता. रजा मिळाली नाही, पासपोर्टही नाही. लग्नाच्या दिवशी तो कामावर गेला, आला, जेवला, आणि मला म्हणाला की ठकीचं जुनं पत्र काढ, वाच. मी पाण्याच्या भांड्यातली आंघोळ वाचली. तो हसला, ताई. मला ते बघवलं नाही.

तेव्हा जरा सविस्तर लिही. ती काय खाते, किती झाली, सासूबाई काय म्हणतात. पुन्हा कात टाकली तर पाकिटातून पाठव. कागदाहून हलकी असते, स्टँप काही जास्त लागणार नाही. मी आहे तसाच आहे, तू होतीस तशीच राहा.

तुझा,
दिलीप


वाशी,
८ ऑक्टोबर १९८२

चि. दिलीपास आणि केबिन नंबर सातमधल्या मंडळीस,
चारूताईचे आशीर्वाद आणि नमस्कार.

घ्या सविस्तर! ठकी आता माझ्या खांद्याहून उंच होईल, उभी राहिली तर. चार दिवस तिचे डोळे दुधाळ झाले होते, पेटीच्या कोपऱ्यात रुसून बसली होती. सासूबाई म्हणाल्या की मोतीबिंदू झाला असेल, माझ्या डॉक्टरला दाखवा. मंगळवारी सकाळी पाहते तर बाईसाहेब नव्या कोऱ्या, आणि कात विटेला अडकलेली. सोबत पाठवते आहे. घडीवर जपून उलगडा.

गोटीरामनं परवा एवढा मोठा उंदीर आणला की ठकी आधी त्याला बघून मागे सरली. सासूबाईंनी खाटेवरून तिला धीर दिला. पंढरीभाऊंना सांग, लेकीला माझे आशीर्वाद, आणि त्यांच्या खारीतली पाहुणी आमच्याकडे सुखात आहे.

सगळ्यांनी जिवाला जपा. माझ्या घरची वर्दळ म्हणजे तुम्हीच.

तुझी,
चारूताई


वाशी,
१८ नोव्हेंबर १९८२

चि. दिलीपास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून दाखवू नकोस. जमिनीवर असशील तेव्हाच पुढे वाच.

काल भाऊबीज. तू नाहीस म्हणून मी गॅलरीत पाट मांडून चंद्राला ओवाळलं. निरांजन हातात होतं आणि काही केल्या औक्षवंत हो असं तोंडातून निघेना. खोटं बोलणाऱ्या बहिणीचा आशीर्वाद कसला लागतो?

ठकी नाही रे. २८ जुलैला सकाळी ती मेली. नागपंचमीला मी तिला दूध पाजलं, तुझा कागद काढून ठेवून. अकरा बायकांचं हळदकुंकू तिच्या डोक्यावर घातलं, ती नुसती मागे मागे सरत होती. तुझं पत्र येत नव्हतं, मी घाबरले होते, तुझ्यासाठी उपवास केला होता. हे कारण म्हणून लिहीत नाही. जसं घडलं तसं लिहिते. गोटीरामनं तिला खाडीकाठी पुरलं. ऑक्टोबरात पाठवलेली कात मे महिन्यातलीच, शालूच्या घडीतली. त्या पत्रातला तो मोठा उंदीर, ते दुधाळ डोळे, सगळं मी ओट्याशी उभी राहून रचलं. आणि तुला खरं सांगू? रचताना मला छान वाटलं. चार दिवस ती घरात होती असं वाटलं. मग तुझं उत्तर आलं की पंढरीभाऊंनी ती कात आपल्या खाटेच्या वर तारेला टांगली आहे, आणि पंखा लागला की ती हलते. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही.

अरुणाताईचा यात दोष नाही. तिनं सांगितलं ते मला हवंच होतं, म्हणून मी ऐकलं. मला शिव्या घाल. पण पत्र बंद करू नकोस. लोभ करावा असं माझ्याकडे आज काही नाही, तरी मागते.

तुझी,
चारू


अबुधाबी,
१४ जानेवारी १९८३

ती. सौ. चारूताईस,
दिलीपचा नमस्कार.

दीड महिना लिहिलं नाही. टपालाचा घोळ नव्हता, माझा होता.

मी तुझं पत्र फाडलं. मग तुकडे गोळा करून पुन्हा वाचलं. ठकीचं वाईट वाटलंच. तिचं ते मागे मागे सरणं मला रोज दिसतं. पण राग त्याचा नाही. आईच्या वेळी मी म्हटलं की दुःख मोठं होतं, माणसं गांगरली. ही तर धामण होती, ताई! एवढंसं खरंसुद्धा तुम्हाला माझ्या हातात देता येत नाही? मी काय काचेचा आहे? मला कोंडून ठेवायला कंपनी आहे की इथे, तुम्ही आणखी कशाला?

असं सगळं मी मनात लिहून ठेवलं होतं. मग शुक्रवार आला. पत्र आलेलं सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो की सासूबाईंच्या दुखण्याचं आहे, वाचण्यासारखं नाही. पंढरी जेवता जेवता म्हणाला की ते ऱ्हाव दे, ठकी बरी हाय ना. आणि मी म्हणालो, मजेत आहे. ताई, अडखळलोसुद्धा नाही. बाकीचे मान हलवून जेवायला लागले. वर कात हलत होती.

तेव्हा मला तुझं कळलं. माफ केलं असं लिहीत नाही, त्याला वेळ लागेल. पण कळलं.

आणि माझंही ऐक. जूनमध्ये पत्र थांबलं ते टपालामुळे नाही. मी पडलो होतो. पट्टा बांधला नव्हता. पंधरा फुटांवरून, वाळूच्या ढिगावर, म्हणून वाचलो. दोन बरगड्या गेल्या, एकोणीस दिवस हॉस्पिटलात होतो. तुला कळवलं नाही, तू घाबरशील म्हणून. तुझी भीती खोटी नव्हती. मी तेव्हा खरं लिहिलं असतं, तर तू दूध पाजलं असतंस का, कोण जाणे. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे.

कॉन्ट्रॅक्ट संपलं. पासपोर्ट मिळाला नाही. काम संपेपर्यंत थांबा म्हणतात, म्हणजे जून, कदाचित दिवाळी. पंढरीचंही तेच. तो आता बोलत नाही फारसा. कामावरून आला की कातेखाली पडून राहतो. शुक्रवारी मात्र हात धुऊन पुढे येऊन बसतो.

म्हणून एक मागतो. मला खरं लिही, वेगळ्या पानावर. आणि एक पान केबिनसाठी. त्यात काय हवं ते लिही, तुला ते जमतं. मेली एवढं मात्र लिहू नकोस. मी तुला शब्दात बांधलं होतं, आता उलटं बांधतोय, ठाऊक आहे मला. राग आला तरी लिही. तुझा तोच,

दिलीप


वाशी,
६ फेब्रुवारी १९८३

(हे पान तुझं. वाचून फाडून टाक.)

चि. दिलीपास,
अनेक आशीर्वाद.

पंधरा फुटांवरून पडलास आणि टपालाचा घोळ म्हणे! समोर असतास तर कान लाल केला असता. बरगड्या दुखतात का अजून? खरं लिही. ताईलाही कळव, तीन ओळींत नको.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस धुसफुसत होते. खरं सांगून मोकळी झाले असं वाटलं होतं, तर तू मला पुन्हा त्याच पेटीत बसवलंस. शेवटी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. ऐकून त्यांनी पेटीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या की सुमित्रेला माझ्यापाशी बसव आणि एक तास जाऊन ये, तिला कुठे ठेवलंय ते तू पाहिलं नाहीस.

गेले. दात दुखत नसताना, पहिल्यांदा. गोटीराम वाट दाखवायला आला. पण ती जागा राहिलेली नाही रे. ट्रकनी भर टाकून टाकून तिवरं गाडली आहेत, आणि वर आता सपाट मैदान आहे. गोटीराम इथं होती, नाही इथं, असं करत फिरत राहिला. मी त्याला परत पाठवलं आणि भरावाच्या टोकापर्यंत चालत गेले. जाताना जे जे पाहिलं ते दुसऱ्या पानावर लिहिलं आहे. त्यात फक्त ती नव्हती.

याच्यापुढे मला जमायचं नाही, दिलीप. ही शेवटची थाप. पण तू सांगितलंस ते पाळलं आहे.

तुझी,
चारूताई


(हे पान वाचून दाखवायचं.)

केबिन नंबर सातमधल्या सर्वांस,
वाशीहून चारूताईचा नमस्कार.

मंडळी, ठकी गेली! पळून गेली! आणि चूक माझीच. बुधवारी पाणी बदललं आणि जाळीच्या झाकणाची कडी लावायची विसरले. सासूबाई खाटेवरून ओरडल्या तेव्हा तिचं शेपूट गॅलरीच्या दारातून बाहेर जात होतं. मी धावले, तोवर ती पाण्याच्या पाइपला धरून खाली. तळमजल्यावर बयाबाई तांदूळ निवडत होत्या, त्या सूप टाकून खुर्चीवर चढल्या. मी तशीच चप्पल न घालता जिना उतरले.

ती घाईत नव्हती. रस्ता ओलांडताना एक ट्रक आला. मी हात आडवा करून उभी राहिले, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि डोक्याला हात लावला. पुढे नवं मैदान आहे, माती टाकून केलेलं. ऊन मऊ होतं. तिथे ती पहिल्यांदा पूर्ण लांब झाली. एवढी लांब आहे हे मला ठाऊकच नव्हतं, दोन वर्षं तिला वेटोळ्यातच बघितलेलं ना. मैदान संपतं तिथे थोडी तिवरं अजून उभी आहेत आणि त्यांच्यात भरतीचं पाणी आलं होतं. तिथे थांबून तिनं जीभ काढून हवा चाखली. मग उत्तरेला वळली. पंढरीभाऊ, तुमच्या तळवलीच्या अंगाला. तिकडे अजून चार-दोन शेतं उरली आहेत म्हणतात, आणि शेत आहे तिथे उंदीर असणारच. तिला वाट कुणी सांगायला नको.

मी हाक मारली नाही. हातात पोतं होतं, तेही टाकलं नाही तिच्यावर. गवत हलताना दिसलं, मग हलायचं थांबलं. मी बराच वेळ तिथे उभी होते. पलीकडे पाणी होतं, वारा होता, आणि मला परत ये म्हणणारं कुणी नव्हतं.

मग सासूबाईंच्या जेवणाची वेळ झाली म्हणून घरी आले.

तुम्ही बाराही जण एक दिवस असेच निघा. तोवर माझ्या घरावरची माया तिथल्या वाळूत सांडू देऊ नका.

तुमची सगळ्यांची,
चारूताई